मनोहरकाकांची रंगीत टोपणं

काका, परवा तुमच्या अंत्यविधीला तुमच्या मुलाने, निखिलने, विचारलं, कोणाला दोन शब्द बोलायचेत का. त्याच्या ऑफिसातले एक जण बोलले. शेजारच्या गोऱ्या आजी बोलल्या. तुमची नात अन्वी कागदावर लिहून आणलेलं इंग्रजीत वाचायला लागली आणि तिसऱ्या ओळीला थांबली, तेव्हा तुमच्या सुनेने, मानसीने, कागद घेऊन पुढचं वाचलं. मग निखिलने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नाही म्हटलं.

बोलायचं नव्हतं असं नाही. पण मला जे बोलायचं होतं ते बंद शवपेटीसमोर, चाळीस माणसांत बोलण्यासारखं नव्हतं. त्यात आपलं भांडण होतं. ते आपल्या दोघांचंच होतं आणि अर्धवट राहिलेलं होतं. म्हणून इथे लिहिते.

आपली ओळख एका डब्यामुळे झाली. इथे परदेशात, अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात मी मेथीला जायची. भाज्यांच्या रांगा संपल्या की पुढे जुन्या वस्तूंची टेबलं लागतात. त्यातल्या एकावर एक म्हातारा मेलेले कॅमेरे विकायला ठेवायचा, आणि टेबलाखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात स्क्रू, पट्ट्यांच्या कड्या, लेन्सची झाकणं, असला सटरफटर माल. मी वाकून त्यात हात घातला, तर दुसऱ्या बाजूने आणखी एक हात आधीच आत होता. तो तुमचा.

मी पुटपुटले, "कुठं गेलं बे हे."

तुम्ही वर न बघता विचारलंत, "नागपूर?"

"हो. कसं कळलं?"

"बे ऐकलं. काय शोधताय?"

मी पिशवीतून कॅमेरा काढून दाखवला. माझा कॅमेरा जुना, पण चांगल्यापैकी. त्याच्या पुढच्या अंगाला दोन गोल भोकं आहेत. एकात फ्लॅशची तार जोडतात, दुसऱ्यात रिमोटची. मी दोन्ही कधी वापरली नाहीत. त्यांच्यावर शर्टाच्या बटणाएवढी दोन टोपणं असतात, फिरवून बसवायची. फ्लॅशच्या भोकावरचं टोपण पडलं होतं. तुम्ही खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलंत आणि भर बाजारात, भाज्यांच्या पिशव्या घेऊन ये-जा करणाऱ्या माणसांच्या मधोमध, त्या भोकात बघत उभे राहिलात.

"कुठे पडलं?"

"पिहाला. बीचवर."

"काळ्या वाळूत काळं टोपण." तुम्ही भिंग खिशात टाकलंत. "ते आता समुद्राचं झालं. या डब्यात काही नाही, मी गेले तीन रविवार बघतोय. मी करून देईन."

मला वाटलं, म्हातारा गप्पिष्ट आहे. पुढच्या रविवारी तुम्ही अल्बनीच्या तुमच्या घरून बस आणि ट्रेन बदलत आलात आणि माझ्या हातावर एक पोपटी रंगाचं टोपण ठेवलंत. मी ते भोकावर ठेवून फिरवलं. अडीच फेऱ्यांत घट्ट बसलं. कुठे खरखर नाही, कुठे सैल नाही.

"पोपटी का?"

"स्वेटर विणायची सुई पोपटी होती."

तुमची पद्धत मला नंतर तुमच्या गॅरेजमध्ये बघायला मिळाली. ऑप शॉपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, स्वेटर विणायच्या जाड प्लॅस्टिकच्या सुया आणायच्या. सुई हँड ड्रिलमध्ये पकडायची, ड्रिल टेबलाला लावलेल्या वाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, आवळायचं, एका हाताने मूठ फिरवायची आणि दुसऱ्या हाताने कानस लावून टोक बारीक करायचं. मग पुण्याहून आणलेल्या डायने त्यावर आटे पाडायचे आणि बारीक करवतीने चकती कापायची. एका टोपणाला पाऊण तास. पुण्यात तुम्ही तीस-बत्तीस वर्षं कॅमेरे दुरुस्त केलेत. तिथे अशी टोपणं तुम्ही गिऱ्हाइकाला न सांगताच बसवून द्यायचात.

मी तुम्हाला विचारलं होतं, एवढ्या लहान गोष्टीसाठी एवढा उपद्व्याप कशाला? भोकावर चिकटपट्टी लावली तरी चालेल. नाहीतर रबराचं एखादं बूच दाबून बसवावं.

तुम्ही दुखावल्यासारखे झालात. "बूच बाटलीला. बूच दाबून बसतं, म्हणजे दाब गेला की ते जातं. टोपण आट्यावर बसतं." मग तुम्ही तुमच्या पुण्यातल्या दुकानात येणाऱ्या एका फोटोग्राफरची गोष्ट सांगितलीत. हळदीच्या कार्यक्रमात त्याच्या कॅमेऱ्याच्या उघड्या भोकात हळदीचं पाणी गेलं. त्याला पत्ताही नाही. दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं चालू असताना फ्लॅश आपोआप उडायला लागला. भटजी थांबले. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडच्यांनी काही दिव्यांची व्यवस्था केलीय. "माणसं लेन्सला जपतात," तुम्ही म्हणालात. "कॅमेरा मरतो तो असल्या भोकातून."

रंगांवरून आपला वाद चार वर्षं चालला. मला काळं टोपण हवं होतं. काळ्या कॅमेऱ्यावर पोपटी ठिपका मला खटकायचा. मुरीवायच्या कड्यावर मी गॅनेट पक्ष्यांचे फोटो काढायला जाते, तिथले इतर फोटोग्राफर विचारायचे, ते काय आहे? तुमचं म्हणणं एकच, "काळं होतं म्हणून हरवलं. हे पडलं तर दिसेल." मी म्हणायचे, पडेलच कशाला, तुम्ही इतकं घट्ट करता. तुम्ही म्हणायचात, "टोपण स्वतःहून पडत नाही. माणूस काढतो, खिशात ठेवतो, आणि विसरतो."

मी तुमच्याकडून अशी सात टोपणं घेतली, कारण मी खरोखरच सात वेळा विसरले. दर वेळी तुम्ही न रागावता दुसरं केलंत. माझ्या ओळखीतून आणखी लोक आले. न्यू लिनच्या कॅमेरा क्लबातला एक मूळचा इथलाच, मावरी माणूस दर भेटीत तुम्हाला 'किया ओरा, अंकल' असा नमस्कार करायचा आणि गुलाबी टोपण मागायचा. तुम्ही प्रत्येक टोपण छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावायचात: कॅमेऱ्याचं नाव, कोणतं भोक, किती फेरे.

मला आधी ती चिठ्ठीच दिसली, काका.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या जानेवारीत, तुम्ही मला दोन पिशव्या दिल्यात. चिठ्ठीवरचं अक्षर इतकं बारीक होतं की मला मोबाइलने फोटो काढून मोठं करून वाचावं लागलं. पहिला शब्द बरा, दुसरा लहान, तिसरा मुंगीएवढा. मी म्हटलं, काका, हे काय? तुम्ही म्हणालात, कागद वाचवतोय.

माझ्या आईचं अक्षर असंच बारीक होत गेलं होतं. ती नागपुरात, मी इथे. तिची पत्रं नव्हती, सामानाच्या यादीचे फोटो असायचे. मी ते बघून हसायचे. दोन वर्षांनी डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला तेव्हा त्या याद्या मी पुन्हा उघडून पाहिल्या. त्यामुळे तुमच्या चिठ्ठीवर मला हसू आलं नाही.

मग मी बघायला लागले. तुमचा उजवा हात सारखा खिशात असायचा. चहाचा कप तुम्ही डाव्या हाताने उचलायला लागला होतात. आणि एक टोपण, केशरी, माझ्या कॅमेऱ्यात अर्धा फेरा जाऊन अडकलं. आटे तिरके पडले होते. तुमच्या हातून असं कधी होत नसे. मी ते परत आणून दिलं, तुम्ही भिंगातून पाहिलंत आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलंत.

मी विचारलं, "डॉक्टरांना दाखवलं?"

"काय?"

"हात."

तुम्ही गॅरेजचं दार लोटून घेतलंत. "तीनेक महिने झाले. थंडीने होतं."

"उन्हाळा चालू आहे, काका."

तुम्ही बसलात. हात खिशातून काढून मांडीवर ठेवलात. तो थरथरत होता, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत असल्यासारखा. "निखिलला सांगू नकोस. त्याच्या नोकरीत आधीच माणसं कमी करतायत. आणि सांगितलं की पहिल्यांदा तो गाडीची किल्ली काढून घेईल."

किल्लीचं तुम्हीच बोललात. मी बोलले नव्हते. दुपारी तीनला अन्वीला शाळेतून आणणं हे तुमचं काम होतं. या देशात तुमच्याकडे असलेलं ते एकच काम, असं तुम्ही म्हणायचात. टोपणं हा छंद, अन्वी ही ड्यूटी.

मी म्हटलं, ठीक आहे, नाही सांगत. तुम्ही मला शपथ घातली नाहीत. मी आपणहून शब्द दिला.

तीन आठवड्यांनी तुम्ही मला अल्बनीच्या बस स्टेशनवर सोडायला आलात. मागच्या सीटवर अन्वी होती. चौकातल्या गोलाला वळसा घालताना गाडीचं डावं चाक फुटपाथवर चढलं आणि खाली आलं. फार काही नाही, एक दणका. अन्वी हसली आणि म्हणाली, "आजोबा, अगेन!"

अगेन. म्हणजे हे आधीही झालं होतं.

तुम्ही आरशात तिच्याकडे पाहिलंत. माझ्याकडे पाहिलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी निखिलला फोन केला आणि मॉलच्या पार्किंगमध्ये त्याला भेटले. अक्षर, हात, केशरी टोपण, फुटपाथ, सगळं सांगितलं. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" मी म्हटलं, तीन आठवडे. तो म्हणाला, "ती रोज त्याच गाडीत बसत होती, सुजाताताई." मी हो म्हटलं. 

पुढचं सगळं भराभर झालं. डॉक्टर, तपासण्या, गोळ्या. गाडी बंद. ते होणारच होतं आणि व्हायलाच हवं होतं. पण निखिल घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस एका गोष्टीवर थांबत नाही. त्याने गॅरेजही आवरलं. ड्रिल, करवत, कानशी, डाय, सगळं दोन खोक्यांत भरून कपाटाच्या वरच्या फळीवर. टेबल घडी करून भिंतीला. त्या जागी व्यायामाची सायकल आली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता.

तुमचा फोन आला तेव्हा मी ट्रेनमध्ये होते.

"सुजाता, गाडी गेली ते समजू शकतो. माझं टेबल का गेलं?"

"मी टेबलाचं काही बोलले नाही, काका."

"तू बोललीस, म्हणून गेलं."

फोन ठेवलात. त्यानंतर सात महिने आपण बोललो नाही.

या सात महिन्यांबद्दल मला सांगायचं आहे. मी तुम्हाला दोनदा मेसेज केला, तुम्ही उत्तर दिलं नाहीत, आणि मी ते तुमच्यावर सोडून दिलं. म्हातारा हट्टी आहे, निवळेल. अवोन्डेलला गेले की मेथी घेऊन लगेच निघायचे, पुढच्या टेबलांकडे जायचे नाही. मी योग्य तेच केलं होतं, आणि योग्य केलेल्या माणसाला जो एक आराम असतो तो मला होता. मी सांगून मोकळी झाले होते. टेबल निखिलने काढलं, तेव्हा ते त्या बापलेकांचं. मी त्यात कशाला पडू? असं मी खरोखर म्हणत होते, मैत्रिणींनासुद्धा.

सप्टेंबरात, इथल्या वसंत ऋतूत, माझं शेवटचं टोपण हरवलं. मी दुकानातून मागवलं. खूप दिवसांनी आलं, काळंच आलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात मुरीवायला वाऱ्यात हातातून उडालं. खाली काळा खडक. मी दहा मिनिटं शोधलं आणि मग एकटीच मोठ्याने हसले. परत येताना ऑप शॉपमध्ये थांबून एक जांभळी सुई घेतली. घरी बटाट्याच्या सुरीने आणि नेलफाइलने तासतासून तीन दिवसांत एक वस्तू तयार केली. आटे नव्हतेच. दाबून बसवायची होती. म्हणजे बूचच.

ते घेऊन मी तुमच्या दारात उभी राहिले. फोन न करता. फोन केला असता तर तुम्ही नाही म्हणाला असतात.

तुम्ही दार उघडलंत. बारीक झाला होतात. चेहरा पूर्वीसारखा हलत नव्हता, त्यामुळे रागावलाय की नाही ते कळेना. मी वस्तू पुढे केली. तुम्ही भिंग आणायला आत गेलात, आणि दार उघडंच ठेवलंत.

"हे टोपण आहे की शिक्षा?" तुम्ही भिंगातून बघत म्हणालात.

"बूच आहे."

"बूचसुद्धा नाही. बुचाला अब्रू असते."

त्यानंतर तुम्ही तासभर त्या वस्तूचे दोष सांगितलेत. सुई आडवी धरली. नेलफाइल नखांसाठी. सुरी बटाट्यासाठी. मी ऐकत होते. मला इतकं बरं त्या वर्षात वाटलं नव्हतं. मग तुम्ही म्हणालात, "वरच्या फळीवरचं खोकं काढ."

मी म्हटलं, निखिल?

"मी स्टुलावर चढलो तर त्याने रागवावं. तू चढ."

मी खोकं काढलं. गॅरेजमध्ये जागा नव्हती, म्हणून डायनिंग टेबलच्या कडेला वाइस आवळला. गोळ्या घेऊन तासभर झाला होता आणि तुमचा हात बराच शांत होता. मूठ मी फिरवली, कानस तुम्ही धरलीत. "हळू. हळू गं. गिरणी नाहीये." जांभळा चुरा टेबलभर पसरला, चटणीच्या बरणीवर, अन्वीच्या गृहपाठावर. डाय मात्र तुम्ही मला लावू दिली नाहीत. दोनदा तिरकी लागली. तिसऱ्यांदा तुम्ही श्वास रोखून धरलात आणि ती सरळ उतरली.

तेवढ्यात मानसी कामावरून आली. दारातच थांबली. तिने वाइस पाहिला, चुरा पाहिला, माझ्याकडे पाहिलं. आपण दोघांनी चोरी पकडल्यासारखे हात मागे घेतले. मानसीने पर्स ठेवली, सुपरमार्केटचं जाहिरातीचं पत्रक उचललं, टेबलावरचा चुरा एका बाजूला केला आणि ते पत्रक वाइसखाली नीट पसरलं. "बाबा, यावर करा," एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

 तुम्ही कानस खाली ठेवून पत्रकाची कड हाताने सपाट केलीत.

चहा येईपर्यंत तुम्ही तो विषय काढलात. आवाज हल्ली बारीक झाला होता, मला वाकून ऐकावं लागलं.

"तू सांगायला नको होतंस."

"सांगायला हवं होतं, काका."

"मला आधी विचारायचंस."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणजे विचारायचंच नाही?"

तेवढ्यात मानसी चहा घेऊन आली. तुम्ही म्हणालात, "साखर कमी आहे ना गं?" आणि ते बोलणं तिथेच राहिलं. मला वाटलं, पुढच्या वेळी.

तीन आठवड्यांनी सकाळी निखिलचा फोन आला. तुम्ही चहा घेऊन पेपर उघडून बसला होतात, आणि तसेच गेलात. हृदय. पार्किन्सन्सशी त्याचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी ते निखिलकडून दोनदा वदवून घेतलं. का, ते तुम्हाला कळेल.

परवा विधी आटोपल्यावर निखिल मला बाहेर पार्किंगमध्ये भेटला. पार्किंगमध्येच भेटायचं आमच्या नशिबात असावं. तो म्हणाला, "मी टेबल काढायला नको होतं. डॉक्टरांनी तसं सांगितलंच नव्हतं. हाताला काम चांगलं, असं म्हणाले होते. मी ऐकलंच नाही." मी म्हटलं, "मी येऊन बोलायला हवं होतं." तो म्हणाला, "तुम्ही आला असतात तर मी ऐकलं असतं." अन्वी त्याचा कोट ओढत होती. तो गेला.

त्या एका वाक्यावर मी हे लिहायला बसले.

तेव्हा त्या दिवशी चहामुळे राहिलेलं उत्तर देते. गाडीचं मी तुम्हाला न विचारता सांगितलं, आणि उद्या तशीच वेळ आली तर पुन्हा न विचारता सांगेन. मागच्या सीटवर आठ वर्षांची मुलगी होती. उलट ते तीन आठवडे मी गप्प बसले, तेच चुकलं. तुम्हाला हे पटणार नाही. तुम्ही नातीला कधी इजा होऊ दिली नसतीत, हे मला माहीत आहे, पण तुमच्या हाताला ते माहीत नव्हतं.

पण सांगितल्यानंतर माझं काम संपलं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात मी अल्बनीला यायला हवं होतं, निखिलसमोर बसून म्हणायला हवं होतं की किल्ली घ्या, टेबल ठेवा. पंधरा मिनिटांचं बोलणं होतं. त्याने ऐकलं असतं. तुमच्याकडे उरलेल्या दिवसांतले सात महिने तुम्ही व्यायामाच्या सायकलीकडे बघत काढलेत, आणि मी न्यू लिनमध्ये माझ्या घरी बसून स्वतःला बरोबर समजत होते.

गाडीबद्दल मी तुमची माफी मागणार नाही, काका. टेबलाबद्दल मागते.